मागचं रीडिंग, चालू रीडिंग

आमच्या घरच्या जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्यात एक माणूस राहतो. बिलाच्या कोपऱ्यात मीटरचा काळपट फोटो छापलेला असतो. त्या फोटोत, मीटरच्या काचेवर, आकड्यांच्या डावीकडे नखाएवढा चेहरा उमटला आहे. रुंद कपाळ, कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल, आकडे वाचताना बारीक झालेले डोळे. सलग दोन वर्षांच्या बिलांवर तो आहे आणि प्रत्येक बिलावर तितकाच गंभीर आहे. आई बिल हातात घेऊन म्हणायची, "या महिन्यात काकांची तब्येत बरी दिसत नाही."

ते देवराव इंगोले. मीटर रीडर. मूळचे यवतमाळकडचे, तीस वर्षं पुण्यात काढलेली, राहायला हडपसरच्या जुन्या गावठाणात. नोकरीची पहिली वर्षं येरवड्यात गेली, शेवटची आमच्या कोथरूडमध्ये. माझी त्यांची खरी ओळख मात्र ते निवृत्त झाल्यावर झाली, एका ओढ्याच्या काठावर. मी त्यांना पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "तुम्ही बिलावरचे काका."

त्यांनी मला नाव विचारलं नाही. बिल्डिंग विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, "जिन्याखाली, डाव्या हाताले, सायकलीच्या मागं. तुमची सायकल काढूनच मीटर पाहा लागे." सायकल माझी होती.

माणसं लक्षात ठेवायची त्यांची हीच रीत. कुणाच्याही घरात शिरले की नजर आधी मीटर शोधायची. जुन्या चक्रीच्या मीटरांच्या काळात चक्रीच्या वेगावरून घरात फ्रिज चालू आहे की इस्त्री, हे ते दाराबाहेरून सांगत. येरवड्यात एका घराचं दार वाजवून कुणी उघडेना, तेव्हा काकांनी दाराला तोंड लावून सांगितलं होतं, "ताई, मिक्सर बंद करा, मग ऐकू येईन." दार उघडलं.

ते कधी बसत नसत. चहा उभ्यानं, मीटिंग उभ्यानं. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. बसून काम करणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात एक जुनी अढी होती. त्यांच्या खात्यात काही जण चहाच्या टपरीवर बसून शंभर घरांची रीडिंगं लिहून टाकत. मागच्या महिन्यापेक्षा थोडं जास्त, थोडं कमी. त्याला 'अंदाजे रीडिंग' म्हणत. काकांच्या तोंडात यापेक्षा वाईट शिवी मी ऐकली नाही. एखादा पुढारी भाषण करत असला, की ते मागे उभे राहून एवढंच म्हणत, "अंदाजे हाये."

कोथरूडमध्ये त्यांना पुणेरी पाणी भेटलं. एका सोसायटीतले वयस्कर गृहस्थ दार अर्धं उघडून म्हणाले, "आमची जेवणाची वेळ आहे. मीटर काही पळून जात नाही." दार बंद. पाऊण तासानं ते हात धुऊन बाहेर डोकावले, तर काका जिन्यात उभे.

"आपण अजून इथेच?"

"मीटर पळत नाही म्हणता, मग मी काऊन पळू?"

पुढच्या महिन्यापासून त्या घरात त्यांना ताक मिळू लागलं. ग्लास परत घेताना गृहस्थ म्हणायचे, "बसा म्हटलं असतं, पण आपण बसत नाही असं ऐकतो."

मग खात्यानं कॅमेऱ्याची यंत्रं दिली. आकड्याचा फोटो काढायचा, तो बिलावर छापून येणार. बाकीचे रीडर फाटकाबाहेरून, कंपाउंडवरून हात लांब करून फोटो मारू लागले. कुणाच्या बिलावर भिंत आली, एकाच्या बिलावर मांजर. काका मात्र मीटरच्या इतके जवळ जात, की काचेत त्यांचा चेहरा उमटे. वरिष्ठांनी त्यांना बोलावून सांगितलं, जरा मागे सरका, तुमचं तोंड येतंय. काकांचं उत्तर मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं: "म्हटलं, साहेब, येऊ द्या ना. गिऱ्हाइकाले समजलं पाह्यजे का कोण आलं होतं पाहाले."

आता ओढ्याबद्दल सांगायला हवं.

हडपसरच्या टोकाला, शहराने नुकत्याच गिळलेल्या एका गावाजवळ एक ओढा आहे. एका काठाला तीसेक घरांची वस्ती, तिची मागची भिंत थेट ओढ्याच्या पात्राला लागून. दुसऱ्या काठाला एका बिल्डरची रिकामी जागा. त्या काठावरून डंपर यायचे आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओढ्यात ओतायचे. विटा, स्लॅबचे तुकडे, फुटक्या फरशा. उन्हाळ्यात पात्र कोरडं, म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं. ढिगारा मात्र काठावरून पुढे सरकत होता, वस्तीच्या दिशेनं. ओढ्याची रुंदी दर आठवड्याला कमी होत होती. पावसाळ्यात पाणी आलं, की त्याला जायला वस्तीतली घरं सोडून दुसरी जागा उरणार नव्हती. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण तक्रार ऐकायला साहेब व्हावं लागतं, आणि साहेबांना पुरावा लागतो.

आम्ही चौघं होतो. शालन, त्याच वस्तीतली, समोरच्या मोठ्या सोसायटीत स्वयंपाकाची कामं करणारी. शैलेश, त्या सोसायटीत राहणारा, आयटीतला, प्रत्येक गोष्टीचा तक्ता करणारा. इंगोले काका. आणि मी, बावीस वर्षांची, पत्रकं लिहायला बोलावलेली. आमच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात साड्या नव्हत्या, पत्रकं होती. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मी सलग वाचलेला पहिला शब्द, असं आई अजून सांगते. माझं नावही समता. अशा घरात वाढलेल्या मुलीला एक आजार जडतो. तिला वाक्य आधी सुचतं आणि घटना नंतर कळते. तेव्हा मला हा आजार वाटत नव्हता, बाणा वाटत होता.

फोनवर काढलेले आमचे फोटो महापालिकेच्या कार्यालयातून परत आले होते. त्यांत खरोखरच काही दिसत नव्हतं. तपकिरी डाग आणि त्यावर अजून एक तपकिरी डाग. कॅमेरा हवा, हे ठरलं. वर्गणी जमली. त्या रकमेत दोनच गोष्टी बसत होत्या. एक सुपरझूम, लेन्स जडवलेलीच, पन्नासपट जवळ आणणारा. दुसरा सगळ्यात खालच्या दर्जाचा डीएसएलआर, सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससह. शैलेशने तक्ता केला. सेन्सरचा आकार, फोटोचा स्वच्छपणा, सावलीतला तपशील, यांत डीएसएलआर पुढे. पोहोच एका रकान्यात, तिथे सुपरझूम इतका पुढे की बाकीचे रकाने वाचायचं कारण उरत नव्हतं. डीएसएलआरला लांबची लेन्स घ्यायची तर आणखी एक वर्गणी करावी लागली असती.

आम्ही तिघं शहरातल्या एका दुकानात गेलो. शालनला सुट्टी नव्हती. काउंटरमागच्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं. "काय काढायचंय? लग्न की पक्षी?"

"डंपर," मी म्हणाले.

"डंपरसाठी वेगळा कॅमेरा येत नाही," तो म्हणाला आणि दोन्ही काचेवर ठेवले. "हात पुसून घ्या."

मी सुपरझूम घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिले. सिग्नलला थांबलेल्या रिक्षाचा नंबर, मग तिच्या पुढच्या बसचा, मग पार पलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर. आयुष्यभर आम्ही ज्यांच्यावर पत्रकं काढली, ते सगळे आमच्यापासून लांब असत. कुंपणापलीकडे, काळ्या काचांमागे. आता ते माझ्या बोटाखाली होते.

काकांनी डीएसएलआर हातात घेतला. लेन्सची कडी शेवटपर्यंत फिरवली, डोळा लावला, मग दुकानदाराला विचारलं की त्या समोरच्या पाटीपर्यंत हा पोचत नाही का.

"नाही. जवळ हवं असेल तर आपल्याला चालत जावं लागेल."

"मग हाच द्या."

दुकानदार एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हसला असावा.

काही न घेताच बाहेर पडलो आणि रस्त्यावर आमचं वाजलं. मी म्हणाले, काका, शैलेशच्या गच्चीवरून आपण सुरक्षित राहून प्रत्येक डंपरचा नंबर टिपू. त्यांना कळणारही नाही. काका फुटपाथवर उभे राहून म्हणाले, त्यांना कळलं पाहिजे, हीच तर गोष्ट आहे. "दुरून डंपरचा नंबर भेटन तुले, बाई. डंपर भेटणार नाही." मला हे वाक्य म्हातारपणाचं वाटलं. बिल्डरची जी माणसं वस्तीला धमक्या देतात त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं, तेही साध्या लेन्सच्या हौसेपायी? संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मत घेतलं. शालन म्हणाली, लांबून काढता येत असेल तर लांबूनच काढा, उद्या त्या लोकांच्या दारावरून मला कामाला जायचंय. तीन विरुद्ध एक. काकांनी निकाल मान्य केला, सुपरझूम आणायला वर्गणीचा डबा स्वतः शैलेशकडे दिला, आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

ते त्यांचं काम करत राहिले. दर रविवारी सकाळी वस्तीच्या मागच्या भिंतीपासून ढिगाऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत जायचे आणि पावलं मोजायचे. नोकरीत असताना खांबांची अंतरं त्यांनी अशीच मोजली होती. दोन पावलं म्हणजे पाच फूट, हा त्यांचा हिशेब. मग वहीत लिहायचे: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वापर. पहिल्या रविवारी अठ्ठ्याण्णव फूट. मग एक्क्याण्णव. मग त्र्याऐंशी. भिंतीवर खडूनंही लिहून ठेवायचे, जसं कधीकाळी दारांवर लिहीत असतील. ती वही त्यांनी मला दोनदा दाखवली. मी दोन्ही वेळा 'छान' म्हणाले. आकडे पाहून कुणाचं रक्त पेटत नाही, असं माझं मत होतं.

एप्रिलमध्ये त्यांचे थोरले भाऊ गेले आणि काका पंधरा दिवस यवतमाळला गेले. त्याच दिवसांत मी तो फोटो काढला.

शैलेशच्या गच्चीवरून, सरळ समोर. अलीकडे रिकामी जागा, मग ढिगारा, त्यामागे वस्ती. झूम शेवटपर्यंत. ढिगाऱ्याचा करवतीसारखा माथा, आणि त्याला चिकटून वस्तीची भिंत. ढिगारा भिंतीवर रेललेलाच. भिंतीमागे वाळत घातलेला एक लहान मुलाचा फ्रॉक. मी बटण दाबलं तेव्हाच पत्रक लिहून झालं होतं. मथळा: 'ढिगारा भिंतीला टेकला'. त्याखाली: 'घरात पाणी शिरायला आता एक पाऊस पुरे.' मी खाली उतरून पाहायला गेले नाही. पाहायचं काय होतं? फोटो होता की.

पत्रक वाटलं, तक्रारीला जोडलं, आणि काय नवल, कार्यालय हललं. सोमवारी स्थळपाहणीला अधिकारी येणार, असा निरोप आला. शालनने गच्चीवर माझ्या हातात साखर ठेवली. मला वाटलं, हीच ती ताकद. एक फोटो आणि एक ओळ.

शनिवारी संध्याकाळी काका परतले. डोक्यावर नुकते उगवू लागलेले केस, हातात पिशवी. घरी न जाता थेट पार्किंगमध्ये आले. पत्रक घेतलं, उभ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"टेकला काय?"

मी फोटोवर बोट ठेवलं.

"तू गेली होती काय तिथं?"

शैलेशने खाली पाहत सांगितलं, की त्याच्या आत्ता लक्षात येतंय. लांबून फार झूम केलं की मधलं अंतर चेपलं जातं, मागची वस्तू पुढच्या वस्तूला चिकटल्यासारखी दिसते. तक्त्यात हा रकाना नव्हता.

"जायच्या आधी म्या मोजलं तवा चौऱ्याहत्तर फूट होते," काका म्हणाले. "पंधरा दिवसांत साठावर आलं असन. टेकलं नाही." मग माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, ते जास्त वाईट होतं. "अंदाजे रीडिंग लावलं, बाई, तू."

मी भांडले. खूप भांडले. म्हणाले, फोटो खोटा नाही, मी त्यात काही घातलं नाही, काढलं नाही. म्हणाले, ते लोक कागदावरचा अख्खा ओढा गायब करतात आणि आपण साठ फुटांसाठी माफी मागायची? काका म्हणाले, थे करतात म्हणून तर आपण आलो. ते सोमवारी पाहणीच्या आधी स्वतः दुरुस्तीचं पत्र देणार होते: आमच्या पत्रकातलं अंतर चुकीचं आहे, खरं अंतर इतकं.

तेव्हा शालन बोलली. आतापर्यंत ती खांबाला टेकून ऐकत होती. "काका, जवळ दिसला म्हणून तर येत्यात ते. लांब हाय म्हणून सांगितलं तर गाडीतनं उतरायचे न्हाईत. तुमचं घर गावठाणात हाय. पाणी आमच्यात येणार हाय."

काकांनी जवळच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "शालन, थो साहेब टेप आणन. त्यानं मोजलं तर आपण खोटे. मंग पुढं खरं सांगू तेही खोटं. त्याच्या आधी आपण मोजा लागते." पावलांवर साहेब विश्वास ठेवणार नाही, म्हणून त्यांनी पिशवीतून मोठी टेप काढली. यवतमाळहून घरी न जाता ते आधी हार्डवेअरच्या दुकानात गेले होते? की टेप त्यांच्या पिशवीत नेहमीच असे? मी विचारलं नाही. ते म्हणाले, उद्या सकाळी टेपचं दुसरं टोक धरायला एक जण पाहिजे.

शालन निघून गेली. शैलेशने फोन काढला. मी म्हणाले, मी माझ्या चळवळीची कबर खणायला टोक धरणार नाही. हे वाक्य मला अजून पाठ आहे, दुर्दैवानं.

रविवारी सकाळी मी गच्चीवर गेले. कॅमेरा घेऊन. माझा हेतू सरळ होता: जितके डंपर येतील तितके नंबर टिपायचे, म्हणजे काकांच्या पत्राने जे बुडेल ते यातून तरेल. डोळा लावला तर भिंतीपाशी काका दिसले, एकटे, टेपचं टोक एका विटेखाली दाबायच्या खटपटीत. वीट सरकत होती, टेप सुटत होती. तीनदा. मी कॅमेरा हलवला नाही, खालीही गेले नाही.

मग डंपर आला. ढिगाऱ्यावर मागे मागे येत थांबला, रिकामा झाला. ड्रायव्हर खाली उतरला. काका पात्रातून त्याच्या दिशेने चालत गेले आणि ढिगाऱ्याआड दिसेनासे झाले. काही वेळाने दोघेही दिसले, छातीपासून वर. समोरासमोर, अगदी छातीला छाती भिडवून. दोघांचेही हात पुढे. ड्रायव्हरने काहीतरी ओरडून म्हटलं, तोंडाचा आ दिसला, आवाज अर्थातच नाही. काकांनी हाताला हिसका दिला. ड्रायव्हरने धरलेलं सोडलं नाही.

मी चार फोटो काढले. हे सांगायलाच हवं: आधी फोटो काढले. मग जिने उतरले, गाडी काढली आणि रिकाम्या जागेला वळसा घालून, पुलावरून वस्तीत पोचले.

मारामारी नव्हती. काका भिंतीला पाठ लावून उभे होते. ड्रायव्हर ढिगाऱ्याच्या पायथ्याशी. दोघांच्या मध्ये अख्खा कोरडा ओढा पसरला होता आणि त्यावरून पिवळी टेप ताणलेली होती.

"बासष्ट, काका," ड्रायव्हर ओरडत होता. "ओढा जरा, झोळ पडलाय."

त्याचं नाव बबन. येरवड्यात जेलच्या मागच्या वस्तीत त्याचं घर, आणि तो शाळेत असल्यापासून त्या घरचा मीटर काका वाचायचे. मला पाहून त्याने टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा मॅडम, मला दुसरी खेप आणायचीय." आणि तो खरोखरच आणखी एक डंपरभर राडारोडा आणायला निघून गेला.

मी काकांकडे पाहिलं. ते टेपवरच पाहत होते. "थो त्याचं काम करते. आपलं आपण करू. पुन्हा घे, रीडिंग दोनदा घ्या लागते."

मी टोक घट्ट धरलं. बासष्ट फूट लांबून ते मला बासष्ट फुटांवरच्या माणसाएवढे दिसत होते, लहान आणि वाकलेले. बासष्टच भरलं. पावलांनी एकसष्ट आलं होतं. त्या एका फुटाचं त्यांना फार लागलं. वहीत एकसष्ट खोडून त्यांनी शेजारी सही केली.

सोमवारी अधिकारी आले. बरोबर बिल्डरचा माणूस, खिशात माझं पत्रक घडी करून. त्याने ते उघडलं आणि गोड आवाजात मला म्हणाला, "मॅडम, टेकलाय म्हणता. कुठे टेकलाय ते जरा दाखवा, म्हणजे आम्ही क्षमा मागू." मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले आणि दुरुस्तीचं पत्र अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. "साहेब, आमचं अंतर चुकलं. बासष्ट फूट हाये. मोजून घ्या." बिल्डरच्या माणसाचा चेहरा उजळला. मी जमिनीकडे पाहत होते.

अधिकाऱ्यांनी मोजलं. बासष्ट. मग विचारलं, "बासष्ट फूट पात्र मोकळं आहे, तर तक्रार काय आहे आपली?"

काकांनी वही उघडली. "एका रीडिंगनं बिल होत नाही, साहेब. मागचं पाहा लागते." अठ्ठ्याण्णव, एक्क्याण्णव, त्र्याऐंशी, चौऱ्याहत्तर, बासष्ट. भिंतीवरचा खडू दाखवला, रविवारच्या तारखांसकट. महिन्याचा वापर काढून दाखवला. "याच चालीनं मिरग सरेस्तोवर शून्यावर येते. शून्य झाल्यावर पाणी कुठं जाईन, ते तुमीच लिवा."

अधिकाऱ्यांनी भिंतीवरचे आकडे वहीशी ताडून पाहिले. मग त्यांनी वहीच्या पानांचा फोटो काढला. स्वतःच्या फोनवर, अगदी जवळून.

त्या आठवड्यात डंपर थांबले. ढिगारा उचलायचा आदेशही निघाला, तो उचलला मात्र गेला नाही. त्यावर एरंड उगवला. आणि बिल्डरने स्वतःचं एक पत्रक काढून सोसायट्यांमध्ये वाटलं: वर मी काढलेला फोटो, माझा मथळा, खाली 'हे खोटं असल्याचं यांच्याच सभासदाचं लेखी पत्र'. लोक मला दाखवून हसत. मी ते पत्रक काकांसमोर आपटलं आणि विचारलं, आता? त्यांनी ते उभ्यानं वाचलं. "अंतर बरोबर छापलं त्यानं," म्हणाले.

मी त्यांना तेव्हा माफ केलं नव्हतं. आजही रात्री पत्रक लिहायला बसले, की हा वाद माझ्या डोक्यात नव्याने सुरू होतो. खडूची रीडिंगं नसती आणि पत्र तेवढं असतं, तर? वस्ती बुडाली असती आणि आम्ही खरे ठरलो असतो. आणि त्या फोटोशिवाय साहेब आले असते का, याचंही उत्तर मला सापडत नाही. शालन म्हणायची ते खोटं नव्हतं.

जून जवळ आला तसे काकांचे गुडघे गेले. तीस वर्षांचे जिने. मुलगी वर्ध्याला असते, तिने न्यायचं ठरवलं. कॅमेरा विकून टाकू, असं शैलेशने सुचवलं तर काकांनीच नको म्हटलं. "पाहाले चांगला हाये. लिहाले जवळ जाय, एवढंच."

त्यांच्या शेवटच्या रविवारी मी गच्चीवर होते. ते निघणार हे माहीत होतं, वेळ माहीत नव्हती. डोळा लावला आणि ते समोर आले. डोक्याला रुमाल, काखेत वही. भिंतीला पाठ लावून ते थांबले, मग चालू लागले, दर पावलाला किंचित लंगडत. पन्नासपट जवळ. ओठ हलत होते. मी त्यांच्या ओठांबरोबर मोजत होते. हात लांब केला असता तर रुमालाची गाठ सोडवता आली असती, इतके ते जवळ होते. बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. कॅमेरा कठड्यावर ठेवला आणि जिने उतरायला लागले.

वस्तीत पोचले तेव्हा ते गेले होते. शालन म्हणाली, चहाला थांबा म्हटलं तर उभ्यानंच घेतला आणि गेले, रिक्षा थांबली होती. भिंतीवर खडू ताजा होता, बोट लावलं तर बोटाला लागला.

मागचं ६२. चालू ६२. वापर ०.